गोदीतला हमाल 'बसऱ्याच्या लढाई'त शिपाई होता का? गावाच्या स्मरणिकेसाठी मदत हवी

अंबडकर_दप्तर
नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलची स्मरणिका निघतेय. त्यात 'गावातले सैनिक' असं एक पान ठेवलंय. १९६२ पासूनच्या नावांचा प्रश्न नाही, ती सगळी कागदावर आहेत. अडलंय ते सगळ्यात जुन्या नावापाशी. तोंडी माहिती एवढीच: दुष्काळात गाव सोडलं, मुंबईत गोदीत हमाली केली, तिथून 'बसऱ्याच्या लढाईला' गेला (म्हणजे पहिलं महायुद्ध, आजचा इराक), मानमोडी (१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ) येऊन गेल्यावर परत आला. 'कुतच्या वेढ्यात उपाशी राहिला पण घोडं खाल्लं नाही' असंही सांगतात. पेन्शन नव्हती. कागद एकही नाही. घरात एक काळंठिक्कर पदक आहे, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार.

प्रश्न तीन. हमालाचा शिपाई नेमका कसा व्हायचा? आमचा मुलूख निजामाचा, मग इंग्रजांच्या पलटणीत भरती कशी? आणि खातरजमा कुठं करायची? स्मरणिका छापायला महिनाभर आहे.

बालाघाटी
आधी पदक. बाकी सगळं नंतर.

घोडेस्वार आहे म्हणजे ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, घोड्याच्या बाजूला १९१४ आणि १९१८ ही सालं. यात दोन धातू येतात. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं, आणि लेबर कोअर, पोर्टर कोअर (फौजेसोबतच्या मजुरांच्या, हमालांच्या तुकड्या) वगैरेतल्या बऱ्याच माणसांना काशाचं. चित्र तेच, फीतही तीच: मधे नारिंगी, मग दोन्ही बाजूंना पांढरी, काळी, निळी पट्टी. काळं पडलेलं असताना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून धातू ओळखल्याशिवाय पुढची चर्चा फुकट आहे.

दुसरं, कड. नाण्याला जशी कड असते तशी पदकालाही आहे, आणि तिच्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं ठोकलेली असतात. आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण. तुमचा सगळा इतिहास त्या तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर आहे.

वाचायचं असं: कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही. धातूचा वरचा थर जातो आणि पहिल्यांदा कडेची अक्षरं पुसट होतात. खोलीत अंधार करून मोबाइलचा दिवा अगदी आडवा धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. पदक फिरवत आठ-दहा फोटो काढा आणि ओळीनं जोडा. सराफाकडं कसाला अजिबात नेऊ नका.

टवाळ_तांड्यावरचा
सराफाकडं नेलं की इतिहास तोळ्यावर मोजला जातो ना राव.

बालाघाटी
@टवाळ, विनोद खरा आहे. चांदीचं पदक अडीच तोळ्यांच्या आसपास भरतं. १९७२ च्या दुष्काळात अशी किती आटली असतील देव जाणे.

कुर्डुवाडी_जंक्शन
तो मुंबईला कसा पोचला असेल तेवढं सांगतो, कारण मार्गावरून काळ काढता येतो.

अंबडहून जालना बैलगाडीनं किंवा पायी. जालन्याला गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमाराला आली. लाइन मीटर गेज, मनमाड ते सिकंदराबाद, मधे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड. मनमाडला उतरून जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ब्रॉडगेज गाडीत बसायचं आणि बोरीबंदर गाठायचं. मनमाडची ही बदली म्हणजे निजामाच्या मुलखातून इंग्रजी मुलखात पाऊल.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाचा रस्ता वेगळा. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी गेज, लातूरपर्यंत १९११ ला पोचली. ती कुर्डुवाडीला टाकायची, तिथून पुणे-मुंबई. हिंगोलीचा फाटा पूर्णेहून १९१२ चा. म्हणजे लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मराठवाड्याच्या बहुतेक कोपऱ्यांतून मुंबई दोन दिवसांवर आली होती. 'चालत मुंबईला गेला' असं कुणी सांगितलं तर ते १९०० च्या आधीचं धरा, नाहीतर तिकिटाला पैसे नव्हते असं समजा.

गोदीवाला
पहिला प्रश्न माझ्याकडं.

मुंबईच्या गोदीत हमाल कंपनीकडं लागत नसे, टोळीवाल्याकडं लागायचा. टोळीवाला माणसं पुरवणार, मुकादम हजेरी घेणार, पैसा वरून खाली झिरपत येणार. १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक सुरू झाला, आजचा इंदिरा डॉक. लढाईतल्या फौजा, खेचरं, चारा, रुळ सगळं तिथूनच चढायचं. त्यामुळं गोदीतल्या माणसाला लढाई शोधत जावं लागलं नाही, ती धक्क्यावर आलेली होती.

आता बसरा. १९१५-१६ ला तिथं मोठ्या जहाजाला लागायला धड धक्काच नव्हता. शत-अल-अरब नदीत जहाजं नांगर टाकून उभी, माल होड्यांत उतरवायचा, होड्यांतून काठावर, काठावरून डोक्यावर. शिवाय खाली नदीच्या मुखाशी फाओला गाळाचा उथळ पट्टा, जास्त बुडणारं जहाज आतच येईना. बसऱ्यापासून आघाडीपर्यंत रेल्वे नाही, रस्ता म्हणजे चिखल. जहाजं आठवडेच्या आठवडे तशीच भरलेली उभी राहायची आणि शेकडो मैल वर फौज उपाशी. बंदुका कमी पडल्या नव्हत्या हो, पाठी कमी पडल्या होत्या. म्हणून १९१६ पासून हिंदुस्थानातून हमाल, खलाशी, गवंडी, सुतार, रेल्वेचे गँगमन यांची भरती जोरात निघाली. त्यांच्या लेबर कोअर आणि पोर्टर कोअर बांधल्या. मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांत जवळपास निम्मा माणूस बिनहत्यारी होता.

तेव्हा गोदीतल्या हमालाला सगळ्यात सोपी वाट पलटणीची नव्हती, पोर्टर कोअरची होती. तेच काम, तोच मुकादम, फक्त धक्का बदलला.

निजामी_खलिता
मला वाटतं तुम्ही उगाच लांब जाताय. माणूस मराठवाड्यातला, म्हणजे निजामाच्या फौजेतून गेला असणार. निजामाचे लान्सर्स गेलेच होते की लढाईला.

जुनं_पलटण
@निजामी_खलिता, हा घोळ प्रत्येक धाग्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, निजामाची स्वतःची फौज. त्यातले हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनला गेले, बसऱ्याला नव्हे. शिवाय ते घोडदळ, तिथं गोदीतला हमाल कशाला घेतील?

दोन, जुनं हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, साहेब इंग्रज. छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. हे कंटिंजंट १९०३ च्या सुमाराला इंग्रजी फौजेत मिसळून टाकलं. २० डेक्कन हॉर्स, ९४ रसेल्स इन्फंट्री, ९७ डेक्कन इन्फंट्री अशा नावांच्या पलटणी म्हणजे त्याचीच पोरं.

तीन, सरळ इंग्रजी पलटण. निजामाच्या प्रजेला तिथं भरती व्हायला बंदी नव्हती. मराठा पलटणींना देशावरचा आणि कोकणातला मराठा हवाच होता. अंबडचा मराठा असो की नगरचा, भरती करणाऱ्या हवालदाराला फरक पडत नव्हता. छाती-उंचीची मापं तर लढाई लांबली तशी खाली आलीच.

जात कोणती होती ते मूळ धाग्यात नाही, पण ते महत्त्वाचं आहे. त्या काळी कुठं भरती व्हायचं हे माणूस ठरवत नव्हता, त्याची जात ठरवत होती. महारांना १८९० च्या दशकात फौजेची दारं बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० ला त्याविरुद्ध अर्ज केला. १९१७ ला माणूस कमी पडला तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडून टाकली. मधल्या काळात त्या समाजातल्या माणसाला फौजेसोबत जायचं तर मजूर म्हणूनच.

वाचनमात्र_वैशाली
वाचतेय. कुतचं कुणीतरी लिहा ना.

बालाघाटी
कुत लिहितो, कारण तिथंच मला शंका आहे.

कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत होत्या. शेवटी तेराएक हजार माणूस शरण गेला.

घोड्याच्या मांसाची गोष्ट खरी आहे. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते खायला नकार दिला. परिणाम मोठा विचित्र झाला. गोरे मांस खायचे पण पाव पांढऱ्या मैद्याचा, म्हणून त्यांना बेरीबेरी. आपल्या माणसांना आट्या-जवाच्या पिठानं बेरीबेरीपासून वाचवलं, पण मांस नाही आणि भाजी नाही म्हणून स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुनी जखम पुन्हा उघडते. घरी सांगितलेल्या गोष्टीत 'दात पडले' असं काही असेल तर ते ऐकीव नसून पाहिलेलं असू शकतं.

अडचण अशी. कुतमध्ये असलेला माणूस १९१५ च्या आधी भरती झालेला हवा, आणि शरण गेल्यावर त्याची रवानगी बगदाद, मोसुल, रास-अल-ऐन या वाटेनं तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर. त्या वाटेत आणि कामावर माणसं फार मेली. जगून परतला असेल तर घरच्यांना 'वेढा' आठवणार आणि 'तुर्काची कैद' आठवणार नाही, हे मला पटत नाही. दोन वर्षांची कैद कुणी विसरतं का? गोष्ट दुसऱ्याची असावी. बसऱ्याच्या छावणीत कुतची गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी होती, आणि परत आलेला माणूस पारावर काय सांगणार, पोती उचलली?

टवाळ_तांड्यावरचा
पारावर सगळेच वेढ्यात होते. पानिपतातसुद्धा.

हाली_सिक्का
पैशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून माझी चार ओळींची भर. (चार होणार नाहीत.)

शिपायाचा पगार महिना ११ रुपये, वर लढाईवर असताना भत्ता. शिधा मोफत झाला तो १९१७ पासून. त्याआधी खाण्याचा बराच खर्च पगारातून. आणि फ्रान्सला १९१७ ला गेलेल्या लेबर कोअरच्या मजुराला महिना २०! म्हणजे रोख पैशात मजूर शिपायाच्या पुढं. कारण साधं आहे: मजुराचा करार छोटा, पुढं काही देणं लागत नाही. शिपायाला लांबची नोकरी, पेन्शनची आशा, गावात मान. सरकारनं मजुराला रोख दिलं आणि बाकी सगळं कापलं.

हे ११ रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी. आपल्याकडं चालायचा हाली सिक्का. दर साधारण १०० कलदारला ११६ हाली, थोडा खालीवर. म्हणजे ११ कलदारचे पावणेतेरा हाली. हा बट्टा सावकार गावात खायचा. मुंबईची मनिऑर्डर कलदारात, सावकाराचं देणं हालीत, आणि हिशेब त्याच्या मनात. तुमच्या गावच्या जुन्या वहीत 'कलदार' असा शब्द एखाद्या नावापुढं १९१६ ते २१ मध्ये वारंवार दिसला, तर त्या घरातला माणूस बाहेर कमावतोय हे नक्की.

आणि भरतीच्या वेळी मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे सरळ उचल. मुकादम, उचल, टोळी, हंगाम. बीडचा माणूस आज कोयता घेऊन जातो तेव्हाही शब्द तेच.

पाटोद्याची_शमा
@हाली_सिक्का, उपमा चांगली जमली, पण ताणू नका. ऊसतोडीला जोडीनं जातात, बायको हा अर्धा कोयता. बसऱ्याला बाई गेली नाही. मागं राहिलेल्या बाईनं शेत केलं, देणं फेडलं, मानमोडीत पोरं पुरली, तिचं नाव कुठल्या कडेवर ठोकलंय? स्मरणिकेत तो माणूस घ्याच, पण तिचं नाव माहीत असेल तर तेही लिहा.

हाली_सिक्का
मान्य. गप्प बसतो.

मोडीवाचक
तिसरा प्रश्न, खातरजमा. इथं बहुतेक लोक नाव टाकतात, काही येत नाही आणि सोडून देतात. चूक शोधण्याच्या पद्धतीत असते.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी संकेतस्थळावर खुली आहे. पण लक्षात ठेवा, ती फक्त मेलेल्यांची. तुमचा माणूस परत आलाय, तो तिथं नाही आणि नसणारच. तरी बघा, कारण त्याच कोअरमधली आजूबाजूच्या गावची माणसं सापडतात. हिंदी माणसाचं एकच नाव असतं आणि ते आडनावाच्या रकान्यात टाकलेलं असतं. 'अधिक माहिती' या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तिथं शोधा.

गावाचं स्पेलिंग कारकुनानं कानावर लिहिलंय. बीड हे भीर किंवा बीर. अंबाजोगाई कधीच सापडणार नाही, मोमिनाबाद टाका. गेवराई जॉर्जियासारखं काहीतरी दिसतं. जिल्हेही जुने घ्या. तुमचं अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, कारण जालना जिल्हा १९८१ चा. लातूर १९८२ चा, त्याआधी उस्मानाबादेत. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. आजचा जिल्हा टाकून शोधणारा माणूस रिकाम्या हातानं परततो तो यामुळं.

बसरा स्मारकावर ४०,००० हून जास्त मृतांची नोंद आहे. पण हिंदी साध्या शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा. नावं वहीत. त्यामुळं दगडाचे फोटो बघून 'आपला नाही' असं ठरवू नका.

जिवंत परतलेल्याची नोंद असलीच तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा बेळगाव, महार सागर, सॅपर्स (फौजेतले इंजिनिअर) खडकी, जुन्या डेक्कन पलटणींचा वारसा कुमाऊंकडं म्हणून रानीखेत. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, पलटण हवीच. नंबर नसलेल्या पत्राला उत्तर येत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही, नुसत्या 'सखाराम'नं काय शोधतील? पोर्टर कोअरचं मात्र अवघड आहे. त्या मोडल्या, मागं कुणी वारसच उरला नाही.

घरात जुनी पाकिटं असली तर शिक्के बघा. 'आय.ई.एफ.' छापलेलं तिकीट म्हणजे हिंदी एक्स्पिडिशनरी फोर्स, परदेशात लढायला पाठवलेली फौज. फौजेचं अक्षर डी असेल तर मेसोपोटेमिया, ए म्हणजे फ्रान्स, बी म्हणजे पूर्व आफ्रिका.

पुण्याहून_पंत
व्हॉट्सअॅपवर लाहोरच्या रजिस्टरांची लिंक फिरते, तीन लाखांवर सैनिकांची नावं. तिथं बघा की.

मोडीवाचक
ती फक्त पंजाबची आहेत, पंत. अंबडचा माणूस तिथं सापडला तर तो वेगळ्याच स्मरणिकेचा विषय होईल.

खेड्यातला_शिरीष
तुमच्या पदकांच्या चर्चेत घुसतो, माफ करा. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाला हेच लागू का? 'गिरणीतून पायोनियरला गेला' असं बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं.

जुनं_पलटण
नाही, पुष्कळ फरक आहे. आणि 'पायोनियर' या शब्दावर तर जपून.

पहिल्या लढाईतली पायोनियर पलटण लढणारी होती. १०७, १२१, १२८ पायोनियर्स, खांद्याला बंदूक आणि पाठीला कुदळ-फावडं. १९२२ ला त्यांचे बॉम्बे पायोनियर्स झाले आणि १९३० च्या दशकात मोडले. दुसऱ्या लढाईतली पायोनियर कोअर ही वेगळी भरती, काम रस्ते, विमानतळ, गोदी, माल. नाव तेच म्हणून दोघांना एकाच ओळीत बसवू नका.

दुसरा नेहमीचा घोळ पलटणीच्या नावात दिसणाऱ्या '३/५'चा. पाचवी पलटण आणि तिसरी कंपनी असा अर्थ लोक लावतात. तसं नाही. १९२२ ला सगळ्या मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ५ हा त्या रेजिमेंटचा नंबर, वरचा आकडा बटालियनचा. जुनी १०३ झाली १/५, १०५ झाली २/५, ११० झाली ३/५, ११६ झाली ४/५, ११७ झाली ५/५. हे कळलं की रस्ता उघडतो. २/५ असेल तर जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रुकला कैद झालेली बटालियन, म्हणजे 'इटलीत कैदेत होता' ही गोष्ट बसते. ३/५ असेल तर मार्च १९४१ चं एरिट्रियातलं केरेन, मग इटली. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ चा व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. १/५ मध्ये नामदेव जाधव, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. ४/५ असेल तर इटली विसरा, ती ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, सांगशाक.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानं. 'आजोबा १९४० ला महार रेजिमेंटमध्ये' असं कुणी म्हणालं तर साल किंवा पलटण, एक काहीतरी चुकतंय.

दुसऱ्या लढाईच्या 'स्टार' पदकांवर नाव असेलच असं नाही, मग फितीवरून ओळखा. वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा म्हणजे आफ्रिका स्टार. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल म्हणजे इटली.

टवाळ_तांड्यावरचा
लाल-पांढरा-हिरवा म्हणजे आमच्याकडं लग्नाचा मांडव.

अंबडकर_दप्तर
मंडळी, धागा इतका लांब जाईल असं वाटलं नव्हतं. पदक साबणानं धुतलं, फोटो काढले. धातू चांदी नाही, तपकिरी आहे, तांबूस झाक. कडेवर नंबर चार आकडी, पैकी शेवटचा झिजलाय. मग 'कूली' असा शब्द. मग नाव, आडनाव नाही, पण नाव तेच. शेवटी 'पोर्टर कोअर' आणि त्याआधी एक आकडा, ३ आहे की ८ ते दोघांनी बघून दोन उत्तरं दिली. सोबत दुसरं पदक नाही.

बालाघाटी
मग प्रश्न मिटला. काशाचं ब्रिटिश वॉर मेडल, एकटंच. शिपायाला चांदीच्या जोडीला इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडलही मिळायचं. पोर्टरला सहसा हे एकच. पेन्शन का नव्हती तेही कळलं. कराराचा माणूस, करार संपला की नाव कमी. १९१६ च्या आधी पोर्टर कोअरला जाणं जमत नाही, म्हणजे कुत गेलं.

३ की ८ याला किंमत आहे, सोडू नका. काही कोअर पूर्णपणे तुरुंगातल्या कैद्यांच्या होत्या. शिक्षेत सूट मिळायची म्हणून कैदी बसऱ्याला गेले, हजारोंनी. आकडा नक्की झाल्याशिवाय काही गृहीत धरू नका, आणि तशी निघाली तरी ते घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. आकड्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा. ८ असेल तर डावीकडची गोलाई उमटते, ३ असेल तर डावी बाजू उघडी राहते.

पुण्याहून_पंत
म्हणजे तो सैनिक नव्हता. 'गावातले सैनिक' या पानात बसत नाही. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

गोदीवाला
पंत, तो फौजेच्या हुकमाखाली होता, फौजेच्या कायद्याखाली होता, उन्हात फौजेइतकाच मेला. बसऱ्याच्या धक्क्यावर तो नसता तर वर आघाडीवरच्या तुमच्या शिपायाच्या ताटात आटा नसता. शिपायाचा रोजचा आटा दीड पौंड. दहा हजार माणसांचा एका दिवसाचा आटा म्हणजे १५,००० पौंड, जवळपास पावणेसात टन, आणि तो कुणीतरी पाठीवरच उतरवला.

जुनं_पलटण
दोघांचंही अर्धं बरोबर. 'शिपाई' लिहिलं तर चूक, कारण तो हुद्दा आहे आणि त्याच्या पदकावर तो नाही. पान काढून टाकणंही चूक, सरकारनंच त्याला लढाईचं पदक दिलंय. पानाचं शीर्षक बदला: 'लढाईवर गेलेले'. मग भांडण उरत नाही.

पाटोद्याची_शमा
हे बरंय. आणि 'कूली' छापू नका. पदकावर आहे ते आहे, पण आपल्याकडं शब्द आहे हमाल.

अंबडकर_दप्तर
शीर्षक बदलतो. घासून बघितलं, डावी बाजू उघडी, ३ वाटतोय. शमाताई, बाईंचं नावही मिळालं. मजकूर असा करतोय, बघा:

'गोदीतील हमाल. पहिल्या महायुद्धात पोर्टर कोअर क्र. ३ मध्ये बसरा येथे सेवा. ब्रिटिश वॉर मेडल (कासे). मागे शेती व घर पत्नीने सांभाळले.' आणि दोघांची नावं.

मोडीवाचक
'क्र. ३' पुढं प्रश्नचिन्ह टाका. आणि 'बसरा येथे' काढा, पदकावर कोअर आहे, ठिकाण नाही. 'बसऱ्याला गेल्याचे घरात सांगतात' असं लिहा, ते खरं आहे.

अंबडकर_दप्तर
केलं. प्रूफ उद्या पाठवतो.

टवाळ_तांड्यावरचा
आणि पदक परत काळं पडू द्या, चकचकीत दिसलं की नातू विकायला काढतो.